रेडिओवरच्या थेट कार्यक्रमाची शेवटची रात्र : आमच्या लघुपटाच्या कामाच्या नोंदी

२१ एप्रिल

आधी काम काय आहे ते. साधारण पंचवीस मिनिटांचा लघुपट. तालुक्याच्या गावातला एक कम्युनिटी रेडिओ दर आठवड्याला जुन्या नाट्यगृहातून, समोर प्रेक्षक बसवून थेट कार्यक्रम करतो. गाणी, नकला, भारूड, गाऊन म्हटलेल्या जाहिराती. आज शेवटचा कार्यक्रम, कारण नाट्यगृह पाडणार आहेत. पात्रं अकरा, त्यात नायक कोणीच नाही. सगळं एका रात्रीत, एका छताखाली.

नमुना कुठला ते लपवत नाही. अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनचा चित्रपट ‘अ प्रेअरी होम कम्पॅनियन’ (२००६). गॅरिसन कीलर यांचा त्याच नावाचा खराखुरा रेडिओ कार्यक्रम १९७४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात सुरू झाला. पटकथा त्यांचीच, सूत्रधार म्हणून पडद्यावरही तेच, आणि चित्रीकरण सेंट पॉलच्या ज्या फिट्झजेरल्ड थिएटरमधून कार्यक्रम व्हायचा तिथेच. चित्रपटाची कल्पना एवढीच की टेक्ससच्या एका कंपनीने थिएटर विकत घेतलंय आणि आजचा प्रयोग शेवटचा. प्रत्यक्षात कार्यक्रम त्यानंतरही चालू राहिला. कीलर यांनी निरोप घेतला तो २०१६ साली. थिएटर तर अजून उभं आहे.

बजेट एक लाख चाळीस हजार. वर्गणी काढून जमवलंय.

२६ एप्रिल

पहिलं वाचन. भयंकर झालं. प्रत्येक पात्राला निरोपाचं एकेक भाषण दिलेलं होतं, म्हणजे अकरा भाषणं. मध्ये मध्ये हुंदके. वाचन चाळीस मिनिटांच्या पुढे गेलं आणि सातव्या भाषणाला आमचा हार्मोनियमवाला उघड मोबाइल बघत बसला होता.

थोरल्या बहिणीचं काम करणाऱ्या मावशींनी आयुष्यभर हौशी नाटकं केली आहेत. त्या म्हणाल्या, “अहो, प्रयोग चालू असताना रडायला फुरसत कुणाला असते? माझं सगळं लक्ष पुढच्या एन्ट्रीकडे. साडीची पिन सापडत नसते.”

रात्री मूळ चित्रपट पुन्हा लावला. तिथे नेमकं हेच आहे. सूत्रधार शेवटपर्यंत श्रोत्यांना सांगत नाही की हा शेवटचा प्रयोग. म्हातारा गायक आपल्या खोलीत मरून जातो, तरी त्याच्यासाठी माइकवरून दोन शब्द बोलायला तो तयार होत नाही. बाकीचे चिडतात, पण कार्यक्रम पुढे सरकतो, कारण घड्याळ सरकतंय. प्रेक्षकाच्या घशात आवंढा येतो तो यामुळेच.

२८ एप्रिल

सगळी भाषणं उडवली. प्रत्येक भाषणाच्या जागी त्या माणसाचं एक काम लिहिलं. व्यवस्थापक चहावाल्याचा हिशेब मिटवतोय, पण उधारीची वही पुढच्या महिन्याची आहे. तबलजी तबला लावतोय. निवेदिकेला जाहिरातीचं पान सापडत नाही. धाकटी बहीण ग्रीनरूमच्या खिळ्यावरचा आरसा काढून पिशवीत घालते आणि तेवढ्यात तिची एन्ट्री येते. एक्केचाळीस पानांची सत्तावीस झाली. हे आधी सुचलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

३ मे

नाट्यगृह पाहून आलो. दिसायला झकास: लाकडी रंगमंच, बाल्कनी, पत्र्याचं छप्पर. कानाला मात्र वाईट. ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण. शेजारी पिठाची गिरणी, रात्री आठपर्यंत चालू. मागे देऊळ, तिथला कर्णा नऊपर्यंत. रंगमंचाच्या डाव्या भागातल्या फळ्या करकरतात.

अशी जागा बघायला जाल तर डोळे मिटून दहा मिनिटं नुसते बसा. आणि ज्या वेळेला चित्रीकरण करणार त्याच वेळेला जा. आम्ही आधी सकाळी अकराला गेलो होतो, तेव्हा गिरणी बंद होती, जागा आवडली आणि आगाऊ रक्कमही देऊन टाकली.

आता रात्री साडेनऊ ते पहाटे चार काम करायचं. भाडं रात्रीला पाच हजार.

९ मे

ध्वनीची बैठक. या प्रकारच्या चित्रपटात कॅमेऱ्याचं नंतर बघता येतं, आवाजाचं आधी ठरवावं लागतं. कारण माणसं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात. मूळ चित्रपटात मेरिल स्ट्रीप आणि लिली टॉमलिन या दोन गायक बहिणी झाल्या आहेत. मेकअपच्या खोलीत त्या एकच आठवण दोघी मिळून सांगतात. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू. हे वर धरलेल्या एका बूम माइकवर घेतलं तर नुसता कालवा ऐकू येईल.

ऑल्टमनने यावर उपाय सत्तरच्या दशकातच काढला होता. ‘कॅलिफोर्निया स्प्लिट’ (१९७४) आणि ‘नॅशविल’ (१९७५) या चित्रपटांत त्याने आठ ट्रॅकवर, म्हणजे आठ वेगळ्या पट्ट्यांवर, आवाज घेतला. प्रत्येक नटाच्या अंगावर वेगळा माइक, प्रत्येक माइकला वेगळा ट्रॅक. कुणाचं ऐकू यावं आणि कुणाचं मागे राहावं हे नंतर मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करताना, ठरवायचं. ‘नॅशविल’मध्ये चोवीस प्रमुख पात्रं आहेत, तिथे दुसरा मार्गही नव्हता.

तेव्हा ती यंत्रणा स्टुडिओच्या ऐपतीची होती. आज आठ इनपुटचा रेकॉर्डर पिशवीत मावतो आणि भाड्याने मिळतो. आमची मांडणी: सहा वायरलेस कॉलर माइक, एक वायरचा माइक तबला-पेटीसाठी आणि एक रंगमंचावरच्या स्टँडला. हा स्टँडचा माइक जुना दिसणारा आहे, पण खरा आणि चालू. त्यामुळे सूत्रधार स्टँडजवळ आला की आवाज ‘रेडिओचा’ होतो आणि दोन पावलं मागे सरला की घरगुती. यासाठी नंतर काही करावं लागत नाही.

पात्रं अकरा आणि कॉलर माइक सहा, म्हणून प्रत्येक प्रसंगात माइक कुणाला याचा तक्ता करून विंगेत चिकटवला. तक्ता नसेल तर रात्री दोन वाजता भांडणं होतात.

१४ मे

कपड्यांसह माइकची चाचणी. एकाही ट्रॅकवर धड वाक्य मिळालं नाही.

मावशींची रेशमी साडी बोलण्यापेक्षा जास्त सळसळते. धाकटीचं मंगळसूत्र माइकवर टिकटिकतं. भारूडवाल्या दादांचा ट्रान्समीटर (माइकचा आवाज पाठवणारी डबी) उडी मारताना धोतरातून सुटून खाली लोंबकळला. सूत्रधाराच्या घामाने एक माइक कायमचा गेला, त्याची भरपाई साडेचार हजार.

आता जे चालतंय ते असं. साडी जुनी, धुवून मऊ झालेली सुती-रेशीम. माइक ब्लाउजच्या गळ्याच्या शिवणीत, मेडिकलमधल्या कागदी पट्टीचे दोन त्रिकोण करून त्यांच्यामध्ये दाबलेला, म्हणजे कापड माइकवर घासत नाही. मंगळसूत्राचे मणी मागून त्याच पट्टीने कातडीला चिकटवलेले. दादांना धोतराच्या आत रुंद इलॅस्टिकचा कमरपट्टा. ट्रान्समीटरला निरोध चढवायचा, तेल न लावलेला. हसू नका, ध्वनीवाले सगळीकडे हेच करतात आणि घामावर याहून स्वस्त उपाय नाही. गावातल्या मेडिकलमधून मोठं पाकीट आणायला आमच्या धाकट्या सहायकाने साफ नकार दिला. शेवटी मावशी जाऊन घेऊन आल्या.

मावशींच्या काचेच्या बांगड्या तशाच ठेवल्या. काढायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. फक्त बोलण्याच्या प्रसंगात बांगड्यांमध्ये पट्टीचे छोटे तुकडे घातले.

२० मे

गाणी. चित्रपटातली गाणी वापरायची तर हक्कांचे पैसे, आणि ते आपल्या आवाक्यात नाहीत. म्हणून जात्यावरच्या ओव्या, नाथांचं एक भारूड आणि आम्ही लिहिलेल्या जाहिराती: छत्री दुरुस्ती, चिवडा, कंदील. मूळ चित्रपटातही खोट्या बिस्किटांची जाहिरात मन लावून गायली जाते, ती कीलर यांच्या कार्यक्रमातलीच आहे.

प्लेबॅक घ्यायचा नाही असं ठरलं. ऑल्टमनकडे नट स्वतः गातात, स्ट्रीप आणि टॉमलिनसुद्धा. गाणारा चुकतो, सावरतो, वाजवणाऱ्याकडे बघतो, आणि ते सगळं चेहऱ्यावर दिसतं. ओठ हलवून ते मिळत नाही.

अडचण अशी की आमच्या धाकट्या बहिणीला सूर नाही. निवड अभिनयावर केली होती. आठवडाभर पेटीवर घासून पाहिलं, उपयोग शून्य. शेवटी प्रसंगच बदलला. थोरली ओवी गाते आणि धाकटी मध्येच श्रोत्यांना सांगायला लागते की ही ओवी आई कधी म्हणायची. थोरली रागाने बघत गात राहते. ठरवून लिहिलेल्या प्रसंगापेक्षा हा सरस झाला.

वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना. पेटी एकाच पट्टीत राहते, पण दमट हवेत तबला उतरतो. प्रत्येक टेकच्या आधी लावायला वेळ धरा, नाहीतर दोन टेक एकमेकांना जोडता येत नाहीत.

२७ मे

आवाजांचं टेबल. हे काम मला सगळ्यात आवडलं, त्यामुळे नोंद लांबेल.

मूळ चित्रपटात तोंडाने आणि वस्तूंनी आवाज काढणारा माणूस म्हणजे टॉम कीथ, कीलर यांच्या रेडिओ कार्यक्रमातला खरा आवाजवाला. आमच्याकडे हे काम करणारे काका निवृत्त शिक्षक आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात पडद्यामागून वादळं आणायचा त्यांना अनुभव.

टांग्यासाठी नारळाच्या करवंट्या. टेबलावर आपटल्या तर घोडा फरशीवर नाचतोय असं वाटतं. परातीत माती, वर गोणपाट, त्यावर आपटल्या तेव्हा रस्ता मिळाला. सोबत घुंगरांचा पट्टा दुसऱ्या हातात, पण करवंट्यांच्या तालात नाही, किंचित मागे. तालात धरला की लावणी सुरू होते.

विजेच्या गडगडाटासाठी पत्रा. चार फूट लांबीच्या पत्र्याने सगळ्या माइकवर आवाज फाटत होता. दीड फुटाचा, पातळ, स्टँडच्या माइकजवळ हळू हलवलेला पुरला. जाळाला चॉकलेटचे चुरचुरीत कागद. पावसाला सुपात बाजरी. ज्वारी टपोरी, तिचा आवाज गारांसारखा येतो.

दरवाजाचा आवाज मात्र कशानेच जमेना. शेवटी भंगारवाल्याकडून कडी-कोयंड्यासकट अर्धं दार आणलं, तीनशे रुपये. काका म्हणाले, “दाराचा आवाज दारच काढतं रे बाबा.”

४ जून

चित्रीकरण सुरू. आज फक्त रंगमंचावरची गाणी. दोन कॅमेरे एकाच वेळी, दोन्ही हलते. दोन का, तर गाणं थेट आहे. एकाच टेकची दोन्ही चित्रं एकाच आवाजावर बसतात. एका कॅमेऱ्याने वेगवेगळे टेक घेतले तर लय जुळवता जुळवता संकलक पळून जाईल.

कॅमेऱ्याला रूळ परवडत नाहीत. पाण्याचे कॅन वाहायची ट्रॉली घेतली, पण डाव्या फळ्या करकरल्याच. नाट्यगृहातली जुनी जाजमं दुहेरी अंथरली, आवाज नव्वद टक्के गेला. उरलेला रंगमंचाचाच समजायचा.

गाणी पहिल्या रात्री घेण्याचं कारण नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. ग्रीनरूममधल्या प्रसंगांत बाहेरचा कार्यक्रम छोट्या स्पीकरवर ऐकू यायला हवा, नाहीतर प्रसंग हवेत लोंबकळतो. पण संवाद घेताना तो स्पीकर खरोखर लावला तर ते गाणं प्रत्येक संवादात मिसळतं आणि मग कापता येत नाही. म्हणून गाणी आधी घेतली. उद्या ग्रीनरूममध्ये ती फक्त एका सहायकाच्या कानात वाजतील आणि तो हाताने खुणा करील: आता टाळ्या, आता गाणं संपलं. नंतर तीच गाणी रिकाम्या ग्रीनरूममध्ये स्पीकरवर वाजवून वेगळी रेकॉर्ड करायची आणि मिक्सिंगला संवादांखाली घालायची.

५ जून

पाऊस. साडेदहाला पत्र्यावर अशी सर आली की समोरचा ओरडला तरी ऐकू येईना. मग वीज गेली. जनरेटर होता, पण त्याचा आवाज पावसापेक्षा मोठा. तीन तास सगळे चहा पीत बसले. मजूर, दिवे आणि नाट्यगृहाचं भाडं तर चालूच.

वीज आल्यावर पाऊस कमी झाला, पण थांबला नाही. मग सूत्रधाराने आपणहून माइकवर म्हटलं, “श्रोतेहो, हा पाऊस आमच्या काकांचा नाही.” काकांनी टेबलामागून सूप उचलून दाखवलं, खाली ठेवलं. तो टेक ठेवला.

याची किंमत पुढे मोजावी लागली. कथेत आता मध्यापासून पाऊस आहे, आणि उत्तरार्धातली काल घेतलेली गाणी कोरडी आहेत. म्हणून पहाटे चारला, सगळे गेल्यावर, रिकाम्या नाट्यगृहातला पाऊस वीस मिनिटं रेकॉर्ड केला. तो कालच्या गाण्यांखाली जाईल.

६ जून

ग्रीनरूम. तीन भिंतींना आरसे. कॅमेरा लावावा तिथे कॅमेराच दिसतो. दोन आरसे तळाशी कागदाच्या घड्या घालून किंचित झुकवले, तिसऱ्यावर साड्या टांगल्या. तिसऱ्यासाठी दुसरं काही सुचलं नाही.

आज म्हाताऱ्या गायकाच्या मृत्यूचा प्रसंगही. ते काम करणारे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. घरच्यांना रात्रीचं जागरण पसंत नव्हतं. मूळ चित्रपटाच्या वेळी ऑल्टमन ऐंशीचा होता आणि विमा कंपनीसाठी पॉल थॉमस अँडरसन हा दिग्दर्शक बदली म्हणून सेटवर हजर असायचा. ऑल्टमनने चित्रपट पूर्ण केला. तो त्याचा शेवटचा ठरला, २००६ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. आमच्याकडे विमा कसला, पण त्यातून एवढं घेतलं की ज्याची काळजी वाटते त्याचं काम सगळ्यात आधी उरकायचं. आजोबांचा प्रसंग वेळापत्रकात तीनला होता, तो दहाला आणला. गावातल्या डॉक्टरांना फोन करून ठेवला होता.

दुसरा टेक चांगला झाला. आजोबांनी डोळे उघडून विचारलं, “मेलो ना? मग घरी जाऊ?”

७ जून

पान हरवण्याचा प्रसंग. मूळ चित्रपटातला माझा सर्वांत आवडता भाग: जाहिरातीचा कागद सापडत नाही, हवेवर शांतता चालत नाही, म्हणून सूत्रधार आणि बहिणी चिकटपट्टीची जाहिरात तिथल्या तिथे रचत सुटतात आणि आवाजवाला त्यांच्या मागे धावतो.

आमचा लिहिलेला प्रसंग पाठ झाल्यामुळे मेला. नट ‘गडबडल्याचा’ अभिनय करत होते. सहाव्या टेकनंतर थांबलो. मग सूत्रधाराच्या हातातलं खरं पान काढून घेतलं आणि काकांना फक्त एवढंच सांगितलं की जे ऐकू येईल ते वाजवा. निवेदिकेला काहीच सांगितलं नाही. छत्रीची जाहिरात सुरू झाली, काकांनी चुकून घुंगरू उचलले, सूत्रधाराने लगेच छत्रीला टांग्यात बसवलं, निवेदिका टांगेवाल्याची बायको झाली. चार मिनिटं. त्यातली दोन वापरता येतील अशी आहेत.

हे जमलं कारण आवाज आठ ट्रॅकवर होता. कोण कधी बोलणार हे कुणालाच माहीत नव्हतं; बूम धरणारा माणूस इथे काहीच करू शकला नसता.

१९ जून

चित्र-आवाज जुळवणी. दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ रेकॉर्डरपेक्षा हळू चालतं. छोट्या शॉटमध्ये कळत नाही, पण लांब टेकच्या शेवटी ओठ आवाजाशी जुळत नाहीत. आम्ही क्लॅप (चित्र आणि आवाज जुळवायला कॅमेऱ्यासमोर आपटतात ती पाटी) फक्त सुरुवातीला दिला होता. शेवटीही द्यायला हवा होता, मग फरक मोजून ताणता आला असता. आता काकांच्या करवंट्यांवर नजर ठेवून जुळवतोय. करवंटी आपटण्याचा क्षण चित्रातही दिसतो आणि आवाजातही.

३ जुलै

मिक्सिंग. सगळे ट्रॅक वर ठेवले तर बस स्टँड ऐकू येतो. एकच वर ठेवला तर बाकीचे मुके वाटतात. जमलेलं तंत्र असं: एक आवाज पुढे, बाकीचे ऐकू येतील पण कळणार नाहीत इतके खाली, आणि बदल वाक्याच्या शेवटी नाही, मधेच करायचा. कान बदललेल्या आवाजामागे आपोआप जातो. न बोलणाऱ्याचा ट्रॅक पूर्ण बंद करू नका, खोलीची हवा निघून जाते.

एका प्रसंगात बहिणींचं बोलणं, स्पीकरवरचं भारूड आणि पाऊस, असे तीन थर आहेत. हेडफोनवर सुरेख. मोबाइलवर लावलं तर भारूडाची नुसती भुणभुण. भारूड आणखी खाली घेतलं आणि त्याचा खर्ज कापला.

१६ जुलै

शेवट बदलला. नाट्यगृहाच्या दारात जेसीबी आणायचं ठरलं होतं. भाडं बारा हजार, शिवाय नाट्यगृहाच्या मालकांना ते अशुभ वाटलं. जेसीबी रद्द. आता शेवटी धाकटी बहीण पिशवीतला आरसा परत खिळ्याला लावते, कारण पुढच्या नकलाकाराला तो हवा असतो.

हिशेब: आवाजाची सामग्री ३४,०००, कॅमेरे २८,०००, नाट्यगृह २०,०००, जेवणखाण १९,०००, दिवे १६,०००, मिक्सिंग १५,०००, वादकांचं मानधन १२,०००, हार्ड डिस्क ११,०००, प्रवास ९,०००, किरकोळ ७,५००. एकूण १,७१,५००. आवाजाचा आकडा कॅमेऱ्यापेक्षा मोठा आहे आणि तो तसाच हवा. जास्तीचे पैसे मुख्यतः जेवणावर गेले. रात्रीच्या कामाला माणसं दोनदा जेवतात, हे बजेटात धरा.

एक दोष राहिला आहे. विंगेतलं भिंतीवरचं घड्याळ खरंच चालू ठेवलं होतं, त्यामुळे पान हरवण्याच्या प्रसंगात ते अकरा वाजून दहा मिनिटं दाखवतं आणि पुढच्याच शॉटमध्ये पावणेदोन. घड्याळाचा सेल काढून काटे हाताने फिरवायचे असतात. दोन शॉट मोठे करून ते चौकटीबाहेर काढलं, तिसऱ्यात शक्य नाही, कारण त्याच्याखालीच काका उभे आहेत.